कीटकांचे निकट छायाचित्रण

कीटक, कोळी, माइट, गोम, स्प्रिंगटेल यांसारख्या लहान प्राण्यांची त्यांच्या मूळ आकाराएवढी किंवा त्याहून मोठी प्रतिमा कॅमेऱ्यातील फिल्मवर अथवा अंकीय संवेदकावर मिळविण्याच्या तंत्रास निकट छायाचित्रण किंवा मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. मूळ आकाराच्या एकपट ते सु. दहापट विवर्धन हे सर्वसाधारणपणे या तंत्राचे क्षेत्र मानले जाते. त्यापुढील विवर्धनासाठी संयुक्त सूक्ष्मदर्शक वापरावा लागतो व त्या तंत्रास सूक्ष्मछायाचित्रण अशी संज्ञा आहे. ही सीमारेषा काटेकोर नाही. सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग साध्या कॅमेऱ्यावर बसवून दोन्ही तंत्रांचा मिलाफही करता येतो.

कीटक जिवंत असताना, त्याच्या स्वाभाविक हालचालींत त्याला पाहणे आणि त्याचा प्रत्येक अवयव रेखीव दिसणे या दोन्ही अपेक्षा निकट छायाचित्रणाकडून प्रारंभापासून केल्या गेल्या. मात्र त्या परस्परविरोधी आहेत. पहिली पुरी करावी, तर रेखीवपणा हातचा जातो. दुसरी पुरी करावी, तर बहुधा कीटकाचा जीव जातो. या विरोधातून वाट काढण्याचे प्रयत्न, तसेच छायाचित्र हा निसर्गाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य मानावा हा त्यातून उद्‌भवलेला प्रश्न, यांभोवती या शाखेचा इतिहास गुंफलेला आहे.

प्रकाशकीय मर्यादा : या तंत्रातील मुख्य अडचणी तीन आहेत : क्षेत्रखोली, प्रकाश व हालचाल. ज्या अंतरावर भिंगाचे केंद्रीकरण केलेले असते, त्याच्या थोडे पुढचे व थोडे मागचे भागही चित्रात पुरेसे रेखीव उमटतात. या पट्ट्याच्या जाडीस क्षेत्रखोली म्हणतात. विवर्धन वाढते तशी ती झपाट्याने घटते. ३५ मिमी. फिल्मवर ०·०३ मिमी. एवढी अस्पष्टता चालण्याजोगी मानली व भिंगाचे द्वारक १६ या क्रमांकावर ठेवले, तर एकपट विवर्धनास क्षेत्रखोली सु. १·९ मिमी. मिळते; पाचपट विवर्धनास ती सु. ०·२३ मिमी. एवढीच उरते. रानातील पालापाचोळ्यात राहणाऱ्या दोन मिमी. लांबीच्या स्प्रिंगटेलचे समोरून चित्र घ्यावयाचे झाल्यास त्याच्या शरीराचा जेमतेम नववा भाग स्पष्ट येतो. डोळे रेखीव आले, तर पाठ धूसर होते आणि पाठ रेखीव आली, तर डोळे पुसट होतात.

द्वारक आणखी लहान करून खोली वाढविण्याचा उपाय एका मर्यादेपलीकडे चालत नाही. पाचपट विवर्धनास १६ क्रमांकाचे द्वारक प्रत्यक्षात ९६ क्रमांकाच्या द्वारकासारखे वागते. एवढ्या चिंचोळ्या छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते व कीटकावरील एका बिंदूची प्रतिमा सु. ०·१३ मिमी. व्यासाच्या ठिपक्यासारखी पसरते. चालण्याजोग्या अस्पष्टतेच्या ती चौपटीहून अधिक असल्यामुळे क्षेत्रखोलीच्या रूपाने जे मिळाले, ते सर्वत्र पसरलेल्या धूसरपणाच्या रूपाने गमवावे लागते.

दुसरी अडचण प्रकाशाची. एकपट विवर्धनास नेहमीच्या छायाचित्राच्या चौपट, तर पाचपट विवर्धनास छत्तीसपट प्रकाश लागतो. तो मिळविण्यासाठी तीव्र दिवा जवळ आणावा, तर त्याच्या उष्णतेने कीटक होरपळतो किंवा पळ काढतो. प्रकाश अधिक काळ पडू द्यावा, तर तिसरी अडचण, म्हणजे हालचाल, आड येते. पाचपट विवर्धनास कीटकाने शृंगिका अवघी ०·१ मिमी. हलविली, तरी फिल्मवर ती ०·५ मिमी. सरकते. वाऱ्याने डुलणारे पान व छायाचित्रकाराच्या हाताचा कंप यांचेही विवर्धन तितकेच होते.

पूर्वेतिहास : या अडचणी छायाचित्रणाच्या शोधापूर्वीच चित्रकारांना जाणवल्या होत्या. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांच्या मायक्रोग्राफिया (१६६५) या ग्रंथात पिसू, ऊ, माशीचे डोके इत्यादींची सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेली चित्रे आहेत. त्यांतील पिसवेचे घडीचे चित्र सु. ४५ सेंमी. लांबीचे आहे. मुंगीचे चित्र काढताना मात्र हुक यांची पंचाईत झाली. जिवंत मुंगी स्थिर राहीना आणि मारलेल्या मुंगीचे शरीर आक्रसून मूळ आकार बिघडे. अखेरीस त्यांनी मुंगीला मद्यात बुडवून बेशुद्ध केले व त्या अवस्थेत तिचे चित्र काढले. सु. तासाभराने शुद्धीवर येऊन ती चालू लागल्याची नोंदही त्यांनी केली आहे. कीटकाला न मारता स्थिर कसे करावे, हा निकट छायाचित्रणाचा पुढील काळातील मध्यवर्ती प्रश्न येथे प्रथम स्पष्टपणे मांडलेला दिसतो.

जर्मन चित्रकर्त्री मारिया झिबिला मेरियान (१६४७–१७१७) यांनी वेगळी वाट धरली. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये १६९९–१७०१ या काळात राहून त्यांनी अळ्या स्वतः वाढविल्या आणि अंडी, अळी, कोश व पतंग या अवस्था त्यांच्या खाद्यवनस्पतींसह एकाच चित्रात दाखविल्या. त्यांचा ग्रंथ १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला. हुक यांच्या चित्रांत शरीररचनेचा बारकावा आहे, तर मेरियान यांच्या चित्रांत जीवनक्रम आहे. छायाचित्रणाला या दोन्ही गोष्टी एकत्र आणावयाच्या होत्या.

आद्य छायाचित्रे : इंग्लंडमधील विल्यम हेन्‍री फॉक्स टॅल्बट (१८००–७७) यांनी १८३९ मध्ये कागदावर प्रतिमा मिळविण्याची आपली पद्धत जाहीर केली. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत कीटकांच्या पंखांची विवर्धित छायाचित्रे आहेत. अंधाऱ्या खोलीच्या झरोक्यातून आरशाच्या साहाय्याने सूर्यप्रकाश आत घेऊन वस्तूची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडणारा सौर सूक्ष्मदर्शक त्यांनी यासाठी वापरला व पडद्याच्या जागी प्रकाशसंवेदी कागद ठेवला. त्यांनी घेतलेला विषय लक्षणीय आहे. सुटा पंख जवळजवळ सपाट असल्याने क्षेत्रखोलीचा प्रश्न येत नाही, पारदर्शक असल्याने भरपूर प्रकाश आरपार जातो आणि निर्जीव असल्याने तो हलत नाही. तिन्ही अडचणी टाळता येतील, अशीच ही वस्तू होती. संपूर्ण, घनाकार व जिवंत कीटकाचे चित्र त्या साधनांनी मिळणे शक्य नव्हते.

पॅरिसमध्ये आल्फ्रेड दॉने व लेआँ फूको यांनी डगेरोटाइप पद्धतीने घेतलेल्या सूक्ष्मदर्शकीय प्रतिमांवरून कोरलेल्या चित्रांचा संग्रह १८४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काच ऐनवेळी रसायनाने माखून ती ओली असतानाच वापरावी लागे. त्यामुळे छायाचित्रकार प्रयोगशाळेला जखडलेला असे. या जखडणुकीतून सुटका करणारा शोध एका सूक्ष्मछायाचित्रकाराच्याच हातून लागला, ही गोष्ट सूचक आहे. इंग्रज वैद्य रिचर्ड लीच मॅडॉक्स (१८१६–१९०२) यांना कलोडियनमधील ईथरच्या वाफांचा त्रास होत असे. त्यावर उपाय शोधताना त्यांनी जिलेटिनाच्या पायसाचा लेप दिलेली कोरडी काच वापरून पाहिली व १८७१ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. इतरांनी तीत सुधारणा केल्यावर तयार काचा बाजारात मिळू लागल्या व कॅमेरा रानात नेणे सुकर झाले.

हालचालीचा वेध : फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन झ्यूल मारे (१८३०–१९०४) यांनी कीटकाच्या उड्डाणाकडे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले. १८६९ च्या सुमारास त्यांनी बांधलेल्या कीटकाच्या पंखाचे टोक काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्याला टेकवून त्याच्या फटकाऱ्यांची नोंद घेतली. घरमाशीचे पंख सेकंदास सु. ३३० वेळा, तर कोबीवरील फुलपाखराचे अवघे नऊ वेळा हलतात, असे त्यांना आढळले. पंखाच्या टोकास सोन्याच्या वर्खाचा कण चिकटवून तो उन्हात धरला असता हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी चकाकती रेषा दिसे. पुढे त्यांनी एकामागून एक जलद छायाचित्रे घेण्याचे तंत्र विकसित केले आणि सेकंदाच्या अत्यंत लहान अंशात पंखाची प्रतिमा टिपली.

त्यांचे सहायक ल्यूस्यँ बुल (१८७६–१९७२) यांनी १९०४ मध्ये यांत्रिक झडपेऐवजी विद्युत् ठिणग्यांचा उपयोग केला. फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या फिल्मवर, प्रत्येक ठिणगीसरशी एक याप्रमाणे, सेकंदास सु. २,००० पर्यंत प्रतिमा मिळू लागल्या. चतुर व माशी यांचे उड्डाण या पद्धतीने प्रथमच टप्प्याटप्प्याने पाहता आले. झडप जलद करण्याऐवजी प्रकाशच क्षणिक करावयाचा, या तत्त्वावर पुढील सर्व उच्च गती छायाचित्रण आधारलेले आहे.

जिवंत व मृत : फ्रेंच कीटकनिरीक्षक झां आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांनी सेरिन्याँ येथील आपल्या माळरानी बागेत कीटकांच्या वर्तनाचे दीर्घकाळ निरीक्षण केले. त्यांचे दहा खंडांचे लेखन १८७९–१९०७ या काळात प्रसिद्ध झाले. त्याच्या नंतरच्या सचित्र आवृत्तीसाठी त्यांचे पुत्र पोल आंरी यांनी छायाचित्रे घेतली. मेलेल्या कीटकाच्या वर्णनापेक्षा जिवंत कीटकाच्या वागणुकीला महत्त्व देणारा दृष्टिकोन फाब्र यांच्यामुळे सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

तरीही त्या काळातील सर्वांत परिणामकारक विवर्धित चित्रे मृत कीटकांचीच होती. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड फेअरचाइल्ड (१८६९–१९५४) व त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी घराच्या परिसरातील नाकतोडे, कोळी, भुंगेरे इत्यादींची मोठी छायाचित्रे लांबलचक पेटीच्या कॅमेऱ्यांनी घेतली. ती १९१३ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात व १९१४ मध्ये बुक ऑफ मॉन्स्टर्स या पुस्तकात प्रसिद्ध झाली. मारलेल्या कीटकाचे पाय व शृंगिका काळजीपूर्वक मांडून तो जिवंत असल्यासारखा उभा केला जाई. ही पद्धत लेखकांनी पुस्तकात उघडपणे सांगितली आहे. परसातील क्षुद्र कीटकाचा चेहरा माणसाच्या नजरेला नजर देतो, ही जाणीव या चित्रांनी वाचकांना करून दिली. ज्या प्राण्याची ती जाणीव होती, तो मात्र चित्र घेण्यापूर्वीच मेलेला असे.

याच सुमारास चित्रपटक्षेत्रात हा प्रश्न अधिक ठळकपणे पुढे आला. इंग्लंडमधील पर्सी स्मिथ (१८८०–१९४५) यांच्या १९१० मधील ‘ॲक्रोबॅटिक फ्लाय’ या लघुपटात उताणी माशी आपल्या पायांवर लहानसा चेंडू फिरविताना दिसते. प्रेक्षकांना ही हातचलाखी वाटली, तर काहींना माशी शिकविलेली आहे असे वाटले. प्रत्यक्षात ती रेशमाने बांधलेली होती व चालण्याच्या स्वाभाविक क्रियेमुळेच चेंडू फिरत होता. याउलट व्‌वादिस्वाफ स्तारेव्हिच (१८८२–१९६५) यांना शिंगांसारखे जबडे असलेल्या निशाचर स्टॅग भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करावयाची होती. पण दिवे लावताच भुंगेरे निपचित पडत. तेव्हा त्यांनी मेलेल्या भुंगेऱ्यांचे पाय मेण व तारेने जोडून एकेक चित्रचौकट घेत १९१० मध्ये ती झुंज पडद्यावर घडविली. पुढील चित्रपटांतील त्यांचे कीटक खरोखरच शिकविलेले आहेत, असा समज काही प्रेक्षकांचा झाला. जिवंत माशीवर अविश्वास आणि मृत भुंगेऱ्यावर विश्वास, असा हा विपरीत प्रकार होता. चित्र कसे घेतले हे सांगितल्याखेरीज त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही, हे यावरून स्पष्ट होते.

उपकरणांचा विकास : भिंग व दर्शक वेगवेगळे असलेल्या कॅमेऱ्यात जवळच्या वस्तूची चौकट दर्शकात दिसते तशी फिल्मवर येत नाही. ड्रेझ्डेन येथे बनविलेल्या किने एक्झाक्टा (१९३६) या ३५ मिमी. एकभिंगी परावर्तन कॅमेऱ्यात भिंगातून येणारी प्रतिमाच आरशाद्वारे दिसत असल्याने ही अडचण दूर झाली. कोडॅक्रोम फिल्ममुळे (१९३५) रंगीत चित्रे शक्य झाली. ई. बी. फोर्ड यांच्या बटरफ्लाइज (१९४५) या ग्रंथातील एस. बोफॉय यांची जिवंत फुलपाखरांची रंगीत छायाचित्रे या बदलाची साक्ष देतात.

प्रकाशाचा प्रश्न इलेक्ट्रॉनीय फ्लॅश दिव्याने सुटला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील हॅरल्ड एजर्टन (१९०३–९०) यांनी १९३० नंतरच्या दशकात तो विकसित केला. बुल यांच्या ठिणगीचेच हे सुधारलेले व हाताळण्यास सोपे रूप होय. क्षणार्धाहूनही अल्प अशा झोतात कीटकाला उष्णता जाणवत नाही, द्वारक लहान ठेवता येते व हालचालही गोठविली जाते. कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीतील कीटकवैज्ञानिक एडवर्ड एस. रॉस (१९१५–२०१६) यांनी फ्लॅशच्या साहाय्याने जिवंत कीटकांची छायाचित्रे त्यांच्या अधिवासातच घेतली. त्यांचे इन्सेक्ट्स क्लोज अप (१९५३) हे पुस्तक या तंत्राचे आद्य मार्गदर्शक ठरले. भिंगाभोवती बसणारा कंकणाकृती फ्लॅश दिवा १९५२ मध्ये दातांच्या छायाचित्रणासाठी निघाला व लवकरच कीटक छायाचित्रकारांनी तो उचलला.

पूर्वी भिंग फिल्मपासून दूर नेण्यासाठी भाता किंवा नळीसारख्या कड्या वापराव्या लागत. हाइन्झ किलफिट यांचे माक्रो-किलार (१९५५) हे ३५ मिमी. परावर्तन कॅमेऱ्यासाठी बनविलेले पहिले स्वयंपूर्ण निकट भिंग होय. निकॉन कंपनीच्या १९५६ मधील निकट भिंगाचा उगम तर कीटकांशी सर्वस्वी असंबद्ध आहे. जपानी लिपीतील गुंतागुंतीची चिन्हे सूक्ष्मपटावर वाचनीय राहावीत, या गरजेतून ते निर्माण झाले. ऑलिंपस ओएम-२ (१९७५) या कॅमेऱ्यात फिल्मवर प्रत्यक्ष पडणारा प्रकाश मोजून फ्लॅश योग्य क्षणी बंद करण्याची सोय होती. त्यामुळे प्रत्येक विवर्धनास करावे लागणारे प्रकाशाचे गणित संपुष्टात आले. कॅनन कंपनीच्या १९९९ मधील भिंगाने एकपट ते पाचपट विवर्धन एकाच साधनात व हातात धरून साधता येऊ लागले.

रानातील कीटक व मुक्त उड्डाण : ऑक्सफर्ड विद्यापीठातील वनकीटकवैज्ञानिक जेराल्ड टॉम्पसन यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी आल्डर वृक्षाच्या लाकडात वाढणारी काष्ठगांधील व तिचे परजीवी शत्रू यांच्यावर चित्रपट तयार केला. खोडाच्या आत दडलेल्या अळीपर्यंत परजीवी कीटक आपला अंडनिक्षेपक कसा पोहोचवितो, हे त्यात दाखविले आहे. टॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये ऑक्सफर्ड सायंटिफिक फिल्म्स ही संस्था स्थापन केली. कीटकाला त्रास न होता तीव्र प्रकाश देणे व कॅमेऱ्याचा कंप टाळणे यांसाठी या संस्थेत खास उपकरणे बनविण्यात आली.

मोकळेपणी उडणाऱ्या कीटकाचे रेखीव रंगीत चित्र मिळविण्याचे श्रेय प्रामुख्याने इंग्रज छायाचित्रकार स्टीव्हन डाल्टन यांना दिले जाते. उडत्या कीटकाने प्रकाशशलाका छेदताच यंत्रणा आपोआप चालू होई. परंतु नेहमीच्या कॅमेऱ्याची झडप उघडेपर्यंत कीटक चौकटीबाहेर गेलेला असे. यासाठी अतिजलद उघडणारी झडप आणि सेकंदाच्या सु. १/२५,००० एवढा अल्पकाळ टिकणारा फ्लॅश खास तयार करण्यात आला. डाल्टन यांचे बॉर्न ऑन द विंड हे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. मारे यांनी बांधलेल्या माशीवर सुरू केलेले काम बंधमुक्त कीटकापर्यंत पोहोचण्यास सु. शंभर वर्षे लागली. क्लोद न्यूरिदसानी व मारी पेरनू यांचा मायक्रोकॉसमॉस (१९९६) हा फ्रेंच चित्रपट व बीबीसीची लाइफ इन द अंडरग्रोथ (२००५) ही मालिका या परंपरेतील उल्लेखनीय कृती होत.

अंकीय युग व प्रतिमांची रास : क्षेत्रखोलीची अडचण भिंगाच्या सुधारणेने सुटणारी नव्हती. अमेरिकेत डॅन मॅक्लॉक्लन यांनी १९६४ मध्ये एक निराळा मार्ग सुचविला. प्रकाशाच्या अत्यंत पातळ पातीतून वस्तू हळूहळू वर सरकवावयाची व कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवावयाची. ज्या क्षणी जो भाग उजळतो, त्या क्षणी तो केंद्रातच असल्याने सर्व भाग रेखीव उमटतात. हीच कल्पना संगणकाने सर्वांच्या आवाक्यात आणली. केंद्रीकरण थोडथोडे पुढे सरकवीत घेतलेल्या अनेक चित्रांतून संगणक प्रत्येकातील रेखीव भाग निवडतो व त्यांचे एक चित्र करतो. छत्तीस चित्रांच्या फिल्मवर हा खर्च परवडणारा नव्हता. २००० नंतरच्या दशकात अंकीय कॅमेरे व योग्य संगणक कार्यक्रम उपलब्ध झाल्यावर ही पद्धत सर्वत्र पसरली.

तिच्या योगे विवर्तनाची व क्षेत्रखोलीची कोंडी फुटली. पण हालचालीची अडचण दुणावली. एका क्षणाऐवजी कित्येक सेकंद किंवा मिनिटे कीटक स्तब्ध राहणे आता आवश्यक झाले. लेव्हन बिस यांच्या मायक्रोस्कल्प्चर या २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनातील प्रत्येक चित्र सु. ८,००० ते १०,००० छायाचित्रे जोडून तयार केलेले होते. ते सर्व नमुने संग्रहालयातील टाचणीला टोचलेले होते. अशा रीतीने सर्वाधिक तपशील देणारी चित्रे पुन्हा मृत कीटकांचीच झाली. जिवंत कीटकांवर ही पद्धत वापरणारे छायाचित्रकार पहाटेची वेळ साधतात. थंडीने गारठलेला कीटक दवाने भिजलेल्या गवतावर ऊन येईपर्यंत निश्चल असतो. कीटक शीतपेटीत ठेवून सुस्त करण्याचा आडमार्गही काही जण अवलंबितात. तो कीटकास अपायकारक असतो व चित्रातील वर्तनही खोटे ठरते, म्हणून अनेक निसर्ग छायाचित्रकार तो निषिद्ध मानतात.

छायाचित्र व नमुना : नव्या जातीचे वर्णन करताना ज्यावरून ते केले तो नमुना संग्रहालयात जपून ठेवण्याची वर्गीकरणविज्ञानाची प्रथा आहे. उत्तम छायाचित्रे मिळू लागल्यावर या प्रथेविषयी वाद उत्पन्न झाला. मलेशियातील क्वालालुंपूरनजीकच्या सलांगोर उद्यानात २०११ मध्ये एका छायाचित्रकाराने जाळीदार पंखांच्या एका लेसविंगचे चित्र घेतले व कीटक उडून जाऊ दिला. आंतरजालावरील ते चित्र एका अमेरिकन कीटकवैज्ञानिकाच्या सहज दृष्टीस पडले व पंखांवरील नक्षीवरून ती जाती नवीन असल्याचे त्याच्या ध्यानात आले. परंतु नमुना हाती नसल्याने तिचे नामकरण करता येईना. पुढे छायाचित्रकाराने त्याच जागेवरून नमुना मिळविला, लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातही जुळणारा जुना नमुना सापडला आणि २०१२ मध्ये सेमाक्रायसा जेड हे नाव प्रसिद्ध झाले.

दक्षिण आफ्रिकेतील मार्लेइमाइया झायलोकोपी या माशीचे वर्णन मात्र २०१५ मध्ये केवळ छायाचित्रांवरून करण्यात आले. एखादी जाती ओळखण्यासाठी जीव घेण्याची गरज नाही, असे समर्थकांचे म्हणणे होते. नमुना नसल्यास पुढील संशोधकाला पडताळणी करता येत नाही, सूक्ष्म अवयव तपासता येत नाहीत आणि अंकीय चित्रात फेरफार शक्य असतात, असा विरोधकांचा आक्षेप होता. २०१६ मध्ये चारशेहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांचे विरोधपत्र प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने २०१७ मधील घोषणेत मध्यम मार्ग स्वीकारला : नमुना न जपता केलेले वर्णन नियमबाह्य नाही, पण ते अपवादात्मक असावे आणि लेखकाने त्याची सविस्तर कारणे द्यावीत.

भारतातील स्थिती : मुंबई येथील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) या संस्थेच्या प्रकाशनांतून हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. संस्थेने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विंटर-ब्लाइथ यांच्या भारतीय फुलपाखरांवरील ग्रंथात पंख पसरून मांडलेल्या नमुन्यांची चित्रे आहेत. आयझॅक किहीमकर यांच्या द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज (२००८) या पुस्तकात फुलपाखरे फुलांवर व पानांवर, जिवंतपणी बसतात तशी दिसतात. मिटलेल्या पंखांची खालची बाजू, बसण्याची ढब व आवडती वनस्पती यांवरून रानातच जाती ओळखणे त्यामुळे शक्य होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचींत अनेक फुलपाखरांचा समावेश असल्याने हौशी निरीक्षकास त्यांचे नमुने गोळा करता येत नाहीत. त्याच्या नोंदीचा मुख्य आधार छायाचित्र हाच उरतो.

कोळ्यांच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. ठाणे परिसरातील एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचे २०२१ मध्ये वर्णन होऊन त्याला मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात वीरमरण आलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ आयसियस तुकारामी हे नाव देण्यात आले. कोळ्यांच्या जाती निश्चित करताना जननांगांची रचना तपासावी लागते व ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. त्यासाठी नमुना अपरिहार्य असतो. उलट अल्कोहॉलमध्ये ठेवलेल्या कोळ्याचे रंग उतरतात व त्याची उभे राहण्याची ढब तर मृत्यूबरोबरच नाहीशी होते. रंग, ढब, भक्ष्य, वीण व वर्तन यांची नोंद जिवंत प्राण्याच्या छायाचित्रातच टिकते. शरीराच्या रचनेचा पुरावा नमुन्यात आणि जगण्याचा पुरावा छायाचित्रात, अशी ही विभागणी आहे. म्हणून छायाचित्राबरोबर स्थळ, दिनांक, विवर्धन, जोडलेल्या चित्रांची संख्या आणि कीटक मोकळा होता, बांधलेला होता की मृत होता यांची नोंद ठेवणे आवश्यक ठरते. अशी नोंद असलेले चित्रच पुढील अभ्यासकाला पुरावा म्हणून वापरता येते.